रातांब्याला (कोकमाला) दहा वर्षांनी फुलं आली, पण फळ नाही. झाडं तोडायची का?

अनिकेत_देवरुख | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज अडलोय म्हणून पहिल्यांदा धागा काढतोय.

आमचं गाव देवरुखजवळ. २०१५ च्या पावसात घरामागच्या उताराला रातांब्याची १४ झाडं लावली. एका नर्सरीतून आणली, कलमं आहेत असं सांगून कलमाचेच पैसे घेतले होते. पहिल्या दोन उन्हाळ्यांत तीन मेली, ११ राहिली. पहिली काही वर्षं पाणी, वर्षाला एकेक पाटी शेणखत आणि बुंध्याशी पालापाचोळा, एवढंच केलं, तरी झाडं अशी झालीत की बघत राहावं, देवळाच्या शिखरासारखी निमुळती, खालच्या फांद्या जमिनीकडे झुकलेल्या, नवी पालवी आली की सगळं झाड तांबूस.

गेल्या वर्षी पहिल्यांदा फुलं दिसली. यंदा ११ पैकी ९ फुललीत. त्यातल्या तिघांना हिरवी बारीक फळं धरलीत. उरलेली सहा मात्र, फुलं इतकी की सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो, आणि फळ एकसुद्धा नाही. गेल्या वर्षीही हेच.

काका म्हणतात ही नराची, कामाची नाहीत, तोडून काजू लावू. मी पुण्यात, झाडं जगवली त्यांनी, त्यामुळे त्यांना नाही म्हणवत नाही. पण दहा वर्षांची झाडं तोडायची म्हटलं की पोटात कसंतरी होतं. फुलावरून नर-मादी नक्की कळते का? आणि नर असलं तर तोडण्याशिवाय काही करता येतं का? कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

---

पानफुल | ९ फेब्रुवारी, रात्री ११:३०

काकांना आधी सांगा, कोयता खाली ठेवा.

रातांब्यात नर वेगळा, मादी वेगळी, पपईसारखंच. बियांपासून केलेली रोपं लावली तर साधारण निम्मी नर निघतात आणि फुलं येईपर्यंत कोणालाच कळत नाही. तुमचं सहा आणि तीन, दोन अजून गप्प, हे अगदी त्या हिशेबातलं आहे.

ओळखायचं कसं तर एक फूल तोडून तळहातावर घ्या. नराची फुलं घोसानं येतात, आणि फुलाच्या मधोमध पुंकेसरांचा गच्च गोल गठ्ठा असतो, बाकी काही नाही. मादीचं फूल बहुतेक एकटं नाहीतर दोन-तीन मिळून, मधे हिरवा टणक गोळा दिसतो, तेच पुढचं फळ, आणि त्याच्या डोक्यावर खाचा पडलेली टोपी. पिकलेल्या रातांब्याच्या टोकाला तो बारीक ठसा असतो ना, तीच ती टोपी. नखानं फूल मधोमध फाडलंत तरी समजेल. क्वचित दोन्ही एकत्र असलेली झाडंही सापडतात, म्हणून एकाच फुलावर निकाल देऊ नका, झाडाच्या चारी बाजूंची दहा-दहा फुलं बघा.

आणि एक, आत्ताच खुणा करून ठेवा. फुलं गळली की पानावरून काही कळत नाही.

---

आबा_गुहागर | १० फेब्रुवारी, सकाळी ६:५०

नर्सरीवाल्यानं कलम म्हणून रोपं दिली हे उघड आहे. कलम असतं तर बुंध्याशी वीतभर उंचीवर जोडाची गाठ दिसली असती, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी फुलं आली असती. रोपाला सात-आठ वर्षं लागतात, कधी जास्तच. आमच्याकडेही हेच झालं होतं. पैसे देताना खाली वाकून गाठ बघायची, एवढं तरी नवीन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

---

झाराप_ते_दादर | १० फेब्रुवारी, सकाळी ९:०५

तोडू नको रे बाबा. माझी आजी म्हणायची, भिरंडीचा झाड तोडलं तर उन्हाळ्यात पित्त खंय जातला? अंगावर गांधी उठल्या की ती आमसूल पाण्यात कुस्करून लावायची, पाच मिनिटांत खाज कमी. अजूनही घरात डॉक्टरच्या आधी बरणी उघडतो आम्ही.

---

मोहन_चिपळूण | १० फेब्रुवारी, सकाळी ११:२२

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. काकांचं म्हणणं मला पटतं.

माझ्याकडे बांधावर आठ जुने रातांबे आहेत, आजोबांच्या वेळचे, ४० फुटांवर गेलेले. पिकतात कधी? एप्रिलअखेर ते पाऊस. म्हणजे जेव्हा आंबा उतरवायचा असतो, काजूची बी गोळा करायची असते, तेव्हाच. माणूस मिळत नाही. मिळाला तर रातांब्यावर चढायला तयार होत नाही कारण फांद्या बारीक, आकडीनं पाडले तर निम्मे फुटतात. घरी आणले की दोन-तीन दिवसांत फोडले पाहिजेत, नाहीतर बुरशी. आणि सोलं, म्हणजे फळाच्या साली, खळ्यात वाळत घातली की नेमका वळवाचा पाऊस. एका वर्षी सगळी सोलं काळी पडून फेकली, बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं.

काजूची बी पोत्यात भरून ठेवता येते, भाव बघून विकता येते. भावना ठीक आहे पण गावात राहून राबणारा माणूस काय म्हणतो तेही ऐका.

---

ऋता_के | १० फेब्रुवारी, दुपारी १:४०

मोहन, तुमचा मुद्दा खरा आहे, पण तो जुन्या उंच झाडांचा आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं १९९७ मध्ये 'कोकण अमृता' ही जात दिली, तिचा मुख्य गुणच हा की फळं पाऊस लागायच्या आधी हाती येतात. नंतर 'कोकण हातीस' आली, तिची फळं मोठी. मादीची कलमं असल्यामुळे नर-मादीची लॉटरीही नाही. फक्त शंभर टक्के मादी लावू नये, दहा झाडांमागे एखादा नर ठेवावा असं सांगतात, परागीकरणासाठी.

म्हणजे अनिकेत, तुमचे सगळे नर बिनकामाचे नाहीत. एखादा तर हवाच आहे.

---

मोहन_चिपळूण | १० फेब्रुवारी, दुपारी २:१५

मान्य. पण एक ठेवा म्हणजे पाच तोडा, असंच झालं ना?

---

ऋता_के | १० फेब्रुवारी, दुपारी २:२१

नाही हो, थांबा, कलमवाले कोणीतरी येतीलच.

---

स्वाती_न्यूजर्सी | १० फेब्रुवारी, संध्या. ७:५५

धागा वाचून इतकी तहान लागली की फ्रीजमधलं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) काढून सोलकढी केली. इथे इंडियन स्टोअरमध्ये आमसुलं मिळतात पण कडक, मिठाचे खडे लागलेली, रंग उतरलेला. आई आली की दोन किलो घेऊन येते. मी बी लावून बघितलं होतं कुंडीत, उगवलंच नाही.

---

पानफुल | १० फेब्रुवारी, रात्री ८:१०

स्वाती, वाळलेल्या आमसुलातली किंवा आईनं वाळवून आणलेली बी असेल. रातांब्याची बी वाळली की मरते, ताज्या फळातली धुऊन लगेच लावावी लागते. आणि तुमच्याकडची थंडी त्याला सोसणार नाही. सह्याद्रीच्या पश्चिमेकडचा दमट उबदार पट्टा हे त्याचं घर.

---

वऱ्हाडी_पोट्टा | १० फेब्रुवारी, रात्री ९:००

नागपुरात लागेल का मग? आमच्याकडं ऊन भरपूर आहे :)

---

आबा_गुहागर | १० फेब्रुवारी, रात्री ९:३१

ऊन नाही रे, हवेतला ओलावा पाहिजे. तुमची मे महिन्यातली कोरडी झळ त्याची पानं करपवेल. कोकणातसुद्धा पहिली दोन वर्षं झापांची सावली करावी लागते. नारळाच्या आणि सुपारीच्या बागेत मधे मधे लावलेले रातांबे बघ कधी आलास की, कसे टवटवीत असतात. तुम्ही संत्री पाठवा, आम्ही आगळ पाठवतो.

---

नीलेश_मडगाव | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

आमच्याकडे गोव्यात झाडाला आणि फळाला भिरंड म्हणतात, वाळवलेल्या सालीला सोलां. नुस्त्याच्या हुमणाला (माशाच्या आमटीला) सोलां पडली नाहीत तर जेवण झालं असं वाटत नाही. जेवणानंतर नारळाचा रस न घालता केलेलं पातळ तिवळ, हिरवी मिरची ठेचून, मीठ, कोथिंबीर, हे सोलकढीपेक्षा मला जास्त आवडतं.

बाय द वे याचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, हे जुन्या गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यावरून पडलंय, अभिमानाची गोष्ट.

---

पानफुल | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

नीलेश, ओर्ता गोव्यात राहिला हे खरंच, पण नाव त्याच्यावरून नाही. लिनियसनं 'गार्सिनिया' हे नाव लॉरां गार्सां या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या आठवणीसाठी ठेवलं, तो अठराव्या शतकात डच कंपनीच्या नोकरीत पूर्वेकडे फिरला होता. नावं इतकी जवळची आहेत की माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी मूल हेच उत्तर देतं. बाकी मँगोस्टीन हाही याचाच चुलतभाऊ, आणि केरळात माशाच्या आमटीत घालतात ती काळी कुडमपुळीसुद्धा.

---

नीलेश_मडगाव | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

अरेच्चा. इतकी वर्षं पाहुण्यांना सांगत आलो. दुरुस्ती करतो.

---

कारवारची_सून | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

मंगळूरकडे यालाच पुनर्पुळी म्हणतात, तिकडचं सरबत आणि सार प्रसिद्ध आहे. शिरसीकडे पिवळ्या फळाचं कोकमही असतं, त्याला पांढरं कोकम म्हणतात, त्याचं सार केलं तर लाल रंग अजिबात नाही. माझ्या मुंबईच्या नणंदेनं ते पिऊन विचारलं, वहिनी कोकम घालायला विसरलात का.

---

ठाणेकर_समीर | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:४८

रंगावरून आठवलं, हॉटेलात सोलकढी गुलाबी गडद असते ती कशी? घरी करतो तेव्हा फिकट जांभळट येते.

---

झाराप_ते_दादर | ११ फेब्रुवारी, दुपारी १:१०

बीट. किंवा रंग. घरच्या चांगल्या आगळाची कढी फिकट गुलाबी येते आणि ठेवली की थर सुटतो, ढवळून प्यायची. लसूण ठेचून, मिरची अर्धी.

---

ठाणेकर_समीर | ११ फेब्रुवारी, दुपारी १:१२

लसूण??

---

झाराप_ते_दादर | ११ फेब्रुवारी, दुपारी १:१३

लसूण. यावर चर्चा नाही.

---

सुलभामावशी | ११ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

पोरांनो, लसणावरून भांडू नका, आमच्या घरात सोवळ्याच्या दिवशी जिरं आणि बाकीच्या दिवशी लसूण असं दोन्ही चालायचं. श्राद्धाच्या पानात आमसुलाची चटणी लागतेच, तेव्हा कुठे लसूण असतो.

मोहननं लिहिलंय की सोलं काळी पडली, ते वाचून मला माहेरचं खळं आठवलं. राजापूरजवळ माझं माहेर. मे महिन्यात रातांबे फोडायला आम्ही सगळ्या जणी बसायचो. फळ उभं चिरायचं, दोन वाट्या करायच्या, बी आणि गर अंगठ्यानं मातीच्या मडक्यात. वाट्या चटईवर पालथ्या. गरावर मीठ पसरलं की रात्रीतून रस सुटतो, काळसर लाल. दुसऱ्या दिवशी दुपारी वाट्या थोड्या सुकल्या की त्या रसात बुडवायच्या, हातानं चोळायच्या, परत उन्हात. याला पुट देणं म्हणायचो. अशी पाच, कधी सात पुटं. शेवटी सोल असं व्हायचं की बोटात धरलं तर मऊ, चामड्यासारखं वाकतं, मोडत नाही, आणि चाटलं तर आंबट, खारट आणि मागून गोड. स्वाती, तुला मिळतं ते कडक सोल म्हणजे एकही पूट न दिलेलं, नुसती वाळवलेली साल. पुटाला माणूस लागतो, दिवस लागतात, म्हणून कोणी देत नाही.

आमची नखं जूनपर्यंत जांभळी असायची. शाळा सुरू झाली की बाई हात बघूनच ओळखायच्या कोण कोकणात राहून आलंय आणि कोण मुंबईला मामाकडे गेलं होतं.

पाऊस आलाच तर सोलं आत घेऊन चुलीवरच्या माळ्यावर पसरायची, धुराचा वास लागायचा पण वाचायची. मोहन, पुढच्या वेळी हे करून बघ.

---

मोहन_चिपळूण | ११ फेब्रुवारी, संध्या. ५:०५

मावशी, आता घरात चूलच नाही हो. पण लिहिलंत ते वाचून आई आठवली. ती पण पालथ्याच घालायची.

---

ऋता_के | ११ फेब्रुवारी, संध्या. ५:४०

मावशी, मुठेलाचंही लिहा ना, आता कोणाला माहीत नाही.

---

सुलभामावशी | ११ फेब्रुवारी, रात्री ८:१५

लिहिते. फोनवर टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

गर पिळून उरलेल्या बिया राखेनं चोळून धुवायच्या आणि कडकडीत वाळवायच्या. मग वरवंट्यानं टरफल फोडायचं, पाखडायचं. आतली बी उखळात कांडून पीठ. ते पीठ मोठ्या पातेल्यात पाण्यात उकळत ठेवायचं, तासन् तास. तेल वर तरंगतं. रात्रभर तसंच ठेवलं की सकाळी पाण्यावर पिवळट पांढरा थर जमलेला, तो हातानं उचलायचा, परत वितळवून गाळायचा आणि गार होताना मुठीत दाबून गोळा करायचा. मूठ आवळून केलेलं म्हणून मुठेल. माझ्या आजीच्या गोळ्यांवर तिची चार बोटं उठलेली असायची, ती स्पष्ट दिसायची.

थंडीत पायाला भेगा पडल्या की तो गोळा निरांजनावर धरायचा आणि एकेक थेंब भेगेत सोडायचा. चटका बसतो, पण सकाळी पाय मऊ. आता हेच तेल शहरात क्रीममध्ये आणि साबणात घालून डबीत विकतात म्हणे, कोकम बटर नावानं.

आजी गेली तेव्हा फडताळात एक गोळा सापडला. मी तो वापरला नाही, अजून आहे.

---

ठाणेकर_समीर | ११ फेब्रुवारी, रात्री ८:३०

मावशी _/\_

---

पानफुल | ११ फेब्रुवारी, रात्री ९:१२

मावशी, किती नेमकं लिहिलंत. बीच्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबी असते, आणि ती अंगाच्या उष्णतेच्या थोडी वर वितळते, म्हणून खोलीत घट्ट गोळा राहतो आणि निरांजनावर लगेच सुटतो. चटका आणि मऊ पाय दोन्हींचं कारण तेच.

---

कलम_आणि_काडी | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

उशीर झाला, आजच धागा दिसला. दापोलीजवळ छोटी रोपवाटिका आहे, वीस वर्षं रातांब्याचीच कलमं बांधतो. अनिकेत, मुद्द्यावर येतो.

नर झाड मादी करता येतं. झाड बदलत नाही, डोकं बदलायचं. मी माझ्या बांधावर चार नरांवर केलंय, दोन पूर्ण जमली, एकावर अर्ध्याच काड्या (जोडायच्या कोवळ्या फांद्या) धरल्या, एक झाड छाटल्यावर सुकलं. हे आधीच सांगतो म्हणजे नंतर फसवलं असं वाटायला नको.

करायचं असं. खोड कमरेच्या वर, तीन-साडेतीन फुटांवर करवतीनं कापायचं, कापल्यावर तिथे शेण-माती लिंपायची. एकदम सगळी झाडं कापू नका, दोन घ्या. पावसात खोडावर फुटवे येतात, भरपूर येतात, त्यातले चार-पाच सशक्त, सरळ वर जाणारे ठेवायचे, बाकी काढायचे. फुटवे कोवळे पण पेन्सिलएवढे झाले की त्यावर मादीची काडी पाचर पद्धतीनं बसवायची, पट्टीनं घट्ट बांधायची, वर प्लास्टिकची नळी पिशवी चढवायची म्हणजे ओल टिकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच लोक फसतात. काडी कुठली घ्यायची. रातांब्याला दोन प्रकारच्या फांद्या असतात, शेंड्याकडची सरळ वर जाणारी आणि बाजूची आडवी पसरणारी. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जगतं, फळही देतं, पण झाड कधी उभं राहत नाही, झुडपासारखं जमिनीलगत पसरत राहतं. उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची काडीच पाहिजे. आणि तशा काड्या एका झाडावर मोजक्याच मिळतात, म्हणून चांगलं कलम महाग असतं. स्वस्त कलम दिसलं तर आधी काडी कुठली ते विचारा.

तुमच्या तीन मादींपैकी ज्याचं फळ मोठं, साल जाड आणि मेच्या मध्यापर्यंत पिकतं, त्याच झाडाच्या काड्या घ्या. यंदा तिन्हींची फळं वेगवेगळी ठेवून वजन करा. गडबडीत निवड करू नका.

आणि मोहन, तुमचं उंच झाडाचं दुःख मला पाठ आहे. डोकं बदललेलं झाड १०-१२ फुटांवर शेंडा छाटून ठेवता येतं, शिडीवरून तोडणी होते.

---

मोहन_चिपळूण | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

हे कोणी आधी सांगितलं असतं तर... माझी आठही मादीच आहेत, पण उंची कमी करता आली तर बायको खूश होईल. जुनं खोड कापलं तर फुटतं का?

---

कलम_आणि_काडी | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:४४

आजोबांच्या झाडावर हिंमत करू नका, एकदम कापलं तर जाईल. वरून थोडं थोडं, तीन-चार वर्षांत उतरवा.

---

ऋता_के | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

यात एक भर. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरीही बाजारात सोल विकत घेताना कोणी विचारत नाही कुठलं, किती पुटांचं. हापूसला जसं गिऱ्हाईक नाव घेऊन येतं तसं कोकमाला आलं तर मोहनसारख्या लोकांना तोडायचा विचारच येणार नाही. मी पुण्यात दरवर्षी मावशींसारख्या एका बाईंकडून पुटाची सोलं जास्त पैसे देऊन घेते, तुम्हीही घ्या. चव कळली की परत पाकिटातलं सोल घ्यावंसं वाटत नाही.

---

अनिकेत_देवरुख | १५ फेब्रुवारी, रात्री ११:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार गावी जाऊन आलो. पानफुलताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक झाडाची दहा-दहा फुलं काकांसमोर ताटात मांडली. सहाही नर, प्रत्येक फुलात तो पिवळसर गठ्ठा. काका आधी लांबून बघत होते, मग चष्मा लावून जवळ आले, आणि तिन्ही मादींचं एकेक फूल स्वतः नखानं फाडून बघितलं. हिरवा गोळा दिसल्यावर म्हणाले, सत्तर वर्षं सोलं खाल्ली, हे कधी बघितलं नव्हतं.

बुंध्याशी गाठ एकाही झाडाला नाही. आबा, तुमचं बरोबर, सगळी रोपंच.

जुना लाल सदरा आणि पांढरी लुंगी फाडून काकांनी चिंध्या केल्या, मादीला लाल, नराला पांढरी. जी दोन फुलली नाहीत त्यांना काही नाही.

सध्या ठरलंय ते असं, मेमध्ये तिन्हींची फळं वेगळी मोजायची, पावसाच्या तोंडावर दोन नरांची डोकी उतरवायची. बाकीचे नर आहेत तसे.

---

अनिकेत_देवरुख | ८ जून, रात्री ९:४०

धागा वर आणतोय. तीन झाडांचे मिळून पावणेदोन पाट्या रातांबे निघाले, पहिलंच पीक. मधल्या झाडाचं फळ सगळ्यात मोठं आणि तेच सगळ्यात आधी पिकलं, बाकी दोघांची निम्मी फळं पावसात सापडली. मावशी, काकूनं तुमची पोस्ट मला फोनवर वाचायला लावली आणि वाट्या पालथ्या घातल्या. पुटं चारच झाली, मग पाऊस. गॅसच्या वरच्या फळीवर पसरली आहेत. वास नाही पण मऊ आहेत.

काल दोन नर कापले. करवत काकांनीच चालवली, मला दिली नाही.

---

सुलभामावशी | ९ जून, सकाळी ७:१०

चार पुटं म्हणजे पहिल्या वर्षाला पुष्कळ झाली. बिया टाकू नका रे.

---

अनिकेत_देवरुख | १२ ऑक्टोबर, रात्री १०:२०

कलम_आणि_काडी स्वतः देवरुखला येऊन गेले, जेवायला थांबा म्हटलं तर फक्त सोलकढी प्यायले. (लसूण घातला होता.) दोन खोडांवर मिळून सात काड्या बांधल्या, सगळ्या मधल्या झाडाच्या उभ्या शेंड्याच्या. आज तिसाव्या दिवशी तीन हिरव्या आहेत, दोनांना तांबडी पानं फुटलीत, चार काळ्या पडल्या. एका खोडावर दोन, दुसऱ्यावर एक.

---

कलम_आणि_काडी | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

तीन पुरे. जोडाच्या खाली येणारे फुटवे दर आठवड्याला मोडत राहा, नाहीतर नर परत वर येईल. पट्टी घाईनं सोडू नका.

---

मोहन_चिपळूण | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

मी पण यंदा दोन झाडांचे शेंडे उतरवले. अनिकेत, त्या मधल्या झाडाच्या काड्या उरल्या तर पुढच्या वर्षी मला पाहिजेत.

---

अनिकेत_देवरुख | १८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मोहनदादा, काड्या तुमच्याच.

आज काकांचा फोन होता. जी दोन झाडं गप्प होती त्यातल्या एकाला कळ्या आल्यात. फूल उमलायला अजून आठ दिवस तरी लागतील. काका रोज सकाळी जाऊन बघून येतात, काकू सांगत होती की खिशात एक लाल आणि एक पांढरी अशा दोन्ही चिंध्या घेऊन जातात.